आम्लपित्ताची गोळी आणि फेरिटिन
लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर आहार तपासावा, असे हिमोग्लोबिनवरील तुमच्या लेखात म्हटले आहे. परंतु रोज उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या आम्लपित्ताच्या गोळीचा उल्लेख त्यात यायला हवा होता. धान्य-भाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते आणि ते शोषण्याजोग्या फेरस स्वरूपात येण्यास जठरातील आम्लाची मदत होते, त्यामुळे हे आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोलसारखे औषध वर्षानुवर्षे चालू राहिल्यास शोषण मंदावू शकते. माझे हिमोग्लोबिन ११.८ होते म्हणून कोणी फारसे लक्ष दिले नाही. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) मात्र ९, म्हणजे फारच कमी निघाले. (माझी आम्लपित्ताची गोळी मुळात सहा आठवड्यांसाठीच होती, हे जुन्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले सापडले!) अर्थात, आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांनी आधी तपासले आणि मगच गोळी हळूहळू कमी केली.