रोनाल्डो आला नाही, म्हणून काय सामना झालाच नाही?

ऑक्टोबर 2025 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवा आणि रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर यांचा फुटबॉल सामना झाला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू होतं. रोनाल्डो आलाच नाही, तिकिटाचे पैसे पाण्यात गेले. माझ्या मावसभावाने तर लिहिलं, "गोव्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सामना होणार होता, तोच फुकट गेला." हे वाक्य मला अजून पचलेलं नाही.

दोन गोल खाल्ल्यावर गोवा कोलमडला नाही. मध्यंतराआधी ब्रायसन फर्नांडिसने एक गोल परत केला. आपल्या मातीतला पोरगा, समोर पैशाने आणि नावाने कैकपटीने मोठा क्लब. मी तो गोल इथे इंग्लंडमध्ये शिफ्टच्या ब्रेकमध्ये फोनवर पाहिला आणि कँटीनमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. सामना 1-2 असा गेला. ग्रुपवर ब्रायसनचं नाव एकानेही काढलं नाही. न आलेल्या माणसावर शे-दीडशे मेसेज पडले आणि जो खेळला त्याच्याबद्दल चकार शब्द नाही.

मी स्विंडनला राहतो. इथला क्लब लीग टूमध्ये आहे, म्हणजे चौथ्या पायरीवर. तरी नोव्हेंबरच्या गारठ्यात, पाऊस तिरका लागत असताना माणसं काउंटी ग्राउंडवर येऊन बसतात. एका स्टँडला डॉन रॉजर्सचं नाव आहे. 15 मार्च 1969 रोजी तिसऱ्या डिव्हिजनमधल्या स्विंडनने वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलला 3-1 असं हरवलं. जादा वेळेतले दोन्ही गोल रॉजर्सचे. मैदानात नुसता चिखल होता, हे तेव्हा जन्मालाही न आलेली माणसं मला सांगतात. माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे म्हातारबाबा तर तो शेवटचा गोल हातवारे करून दाखवतात, रॉजर्स चेंडू घेऊन कुठून निघाला, गोलकीपरला कसं चकवलं, सगळं. एका सामन्यावर या गावाने पन्नासहून जास्त वर्षं मान ताठ ठेवली आहे.

आणि आपल्याकडे असे किती सामने पडून आहेत! 1983 साली कलकत्त्यात संतोष ट्रॉफीचा, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, गोव्यासमोर बंगाल. गोल झाला नाही. पुन्हा खेळवला, तरी नाही. शेवटी विजेतेपद विभागून दिलं. बंगालच्या अंगणात बंगालला गोल करू न देणं म्हणजे काय, हे फुटबॉल कळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला 1-0 हरवून गोव्याने ती ट्रॉफी एकट्याने घरी आणली. गोलमध्ये ब्रह्मानंद संखवाळकर. आज गोव्यात दहावीत शिकणाऱ्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? रोनाल्डोच्या बुटांचा ब्रँड मात्र पाठ असेल.

1990 चा संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना मी स्वतः पाहिला. काकांनी फोंड्याहून नेलं होतं. फातोर्ड्याचं स्टेडियम तेव्हा नवंकोरं होतं. काँक्रीटच्या पायऱ्या एवढ्या तापलेल्या की काकांनी पेपर घडी करून माझ्याखाली सरकवला होता. समोर केरळ. आपण 2-0 ने जिंकलो. पहिला गोल मला दिसलाच नाही, कारण पुढचे सगळे एकदम उभे राहिले. दुसऱ्याच्या वेळी काकांनी खांद्यावर घेतलं. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला होता.

पण सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते 5 डिसेंबर 2004 बद्दल. बेंगळुरूला फेडरेशन कप या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, गोव्याचा धेंपो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोच्या संघात ब्राझीलचा एक पंचविशीतला स्ट्रायकर होता, क्रिस्तियानो ज्युनियर. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचाच, पण तो करताना गोलकीपरशी टक्कर झाली. तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपो 2-0 ने जिंकला. त्याच मोसमात धेंपोने राष्ट्रीय लीग जिंकली आणि त्याची दहा नंबरची जर्सी पुढे कुणाला दिली नाही. गोव्याच्या क्लबसाठी खेळताना ज्याने जीव गमावला, तो आपला क्रिस्तियानो. आणि आपण दुसरा क्रिस्तियानो, म्हणजे रोनाल्डो, विमानात बसला नाही म्हणून आठवडाभर हळहळत राहिलो.

2015 ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल तेवढी सगळ्यांच्या लक्षात आहे. 87 व्या मिनिटाला आपण 2-1 ने पुढे आणि शेवटच्या काही क्षणांत दोन गोल खाऊन चेन्नईकडून हरलो. ती जखम आहेच. पण त्याआधीचं सगळं जणू घडलंच नाही. 2016 मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणाला झोपेत कूस बदलावीशीही वाटली नव्हती.

हे मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं, तर उत्तर आलं, "तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस." लागलं ते. आणि का लागलं तेही सांगतो.

बाबांचा जन्म 1961 च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाचा. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली, मग माझी, आणि त्या पोर्तुगीज पासपोर्टवर मी इथे आलो. इथले निम्मे गोंयकार असेच आलेत. म्हणजे कागदोपत्री मी रोनाल्डोचा देशबांधव आहे, आणि भारताचा नागरिक राहिलेलो नाही. पोर्तुगाल खेळताना इथली आपली मुलं लाल जर्सी घालून बसतात, माझी मुलगीसुद्धा. मला त्या संघासाठी आतून काहीच वाटत नाही. काउंटी ग्राउंडवर मी टाळ्या वाजवतो, सीझन तिकीट आहे, पण 1969 माझं नाही. ते त्या म्हातारबाबांचं आहे. भारताचा सामना लागला की इमिग्रेशनच्या रांगेत दाखवायचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड, आठवतं.

माझं म्हणावं असं जे आहे ते 1984 आहे, 1990 आहे, बेंगळुरूची ती संध्याकाळ आहे. ते कुठल्याही पासपोर्टवर लिहिलेलं नसतं, म्हणून कुणी काढून घेऊ शकत नाही असं मी धरून चाललो होतो. आता दिसतंय की घरची माणसं विसरली की ते आपोआपच जातं. तुम्हाला तिथे राहून ते विसरणं परवडतं. सकाळी पाव आणायला निघालात तरी वाटेत मैदान लागतं, संध्याकाळी कापलेल्या शेतात पोरं चेंडू मारत असतात. माझ्याकडे फक्त सामन्यांची नावं आणि साल उरलेत, आणि ब्रायसनचा तो गोल माझ्या हिशेबात 1990 च्या शेजारी बसतो.