"पाणी मागत होता गं तो"

परवा घरच्या ग्रुपवर भारत आणि बांगलादेशातल्या बालमृत्यूंचे आकडे टाकले. एका काकांनी लगेच लिहिलं, "त्यांच्याशी कसली बरोबरी करतेस?" तिथे वाद घातला नाही. इथे मात्र सविस्तर लिहिते, कारण हा विषय मला सोडवत नाही.

अकाली मृत्यू मोजायची एक साधी रीत आहे. सत्तर वर्षं ही मर्यादा धरायची आणि माणूस त्याच्या किती आधी गेला ते बघायचं. साठाव्या वर्षी गेला तर दहा वर्षं बुडाली. वर्षाचं बाळ गेलं तर एकोणसत्तर. म्हणून गरीब देशांच्या या हिशेबात लहान मुलांचे मृत्यू सगळ्यात जड पडतात.

१९९० च्या सुमारास बांगलादेशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १४० हून जास्त मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती. आपल्याकडे हाच आकडा १२५ च्या आसपास. ते आपल्यापेक्षा गरीब, वर पूर आणि चक्रीवादळं कायमची पाठीला. तरी २००० सालापर्यंत त्यांचा आकडा आपल्या खाली गेला होता. २०१५ मध्येही आपण त्यांच्या मागेच होतो, दर हजारी साधारण सातने. आता दोन्ही देश तिशीच्या आसपास आहेत, म्हणजे आपण त्यांना गाठत आणलंय आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण फक्त आजचा आकडा बघितला तर मधली वर्षं दिसतच नाहीत. आपल्याकडे वर्षाला अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मत होती. हजारी सातचा फरक म्हणजे एका वर्षात दीड लाखाहून जास्त मुलं.

आणि मला खरा त्रास होतो तो जुलाबावरच्या एका साध्या उपचाराच्या गोष्टीचा. १९७१ च्या युद्धात पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि रुग्णांना पाजायला सांगितलं. शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत या उपचाराच्या चाचण्या आधी झाल्या होत्या, पण डॉक्टर-नर्सशिवायही तो चालतो हे आपल्या मातीवर सिद्ध झालं.

पुढे तो उपचार घरोघरी पोचवला तो बांगलादेशाने. १९८० पासून दहा वर्षं तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका गावोगाव फिरल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते स्वतःच्या हाताने कालवून दाखवायचं. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी येऊन थोड्या घरांत तपासायचं, की आईला आठवतंय का, आणि तिच्या लक्षात किती राहिलं त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. किती घरं पालथी घातली याला मोल नव्हतं! सुरुवातीला आया शिकायच्या पण मूल आजारी पडलं की वापरायच्या नाहीत. शोध घेतला तेव्हा कळलं, शिकवणाऱ्यांचा स्वतःचाच पुरता विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याला नेऊन मरणाच्या दारातून परतणारे रुग्ण दाखवले, आणि गावातल्या पुरुषांनाही बोलावून समजावलं. अशी एक कोटीच्या वर घरं झाली.

शौचालयांचंही तेच. उघड्यावर जाणं गावाने मिळून बंद करायचं, ही मोहीम कमल कर या भारतीय माणसाने १९९९-२००० च्या सुमारास सुरू केली, तीही बांगलादेशातल्या राजशाही भागातल्या गावात. २०११ च्या जनगणनेत आपली जवळपास निम्मी घरं उघड्यावर जात होती. तिकडे तोवर हे प्रमाण अगदी थोडं उरलं होतं.

पैसा लागतोच, मी नाकारत नाही. पण त्या सगळ्या वर्षांत दरडोई उत्पन्न आपलं जास्त होतं. कमी पडलं ते आईच्या हातापर्यंत जाणं. २०१९ ते २१ च्या आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही जुलाब झालेल्या दहा मुलांपैकी साधारण सहांनाच ओआरएसचं, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट मिळालं होतं. काका, मी बरोबरी करते ती या उरलेल्या चार मुलांसाठी.

माझ्या आजीची दोन मुलं हगवणीने गेली. "जुलाब होत असताना पाणी द्यायचं नाही, दिलं तेवढं बाहेर पडतं," असं तेव्हा मोठी माणसं सांगायची आणि तिने ते पाळलं. धाकटा अडीच वर्षांचा होता. डोळे खोल गेलेले, ओठांना कोरड. घरात मीठ होतं, गूळ होता, पाण्याचा हंडा भरलेला होता. आजी नव्वदीला टेकली तरी त्याचा विषय निघाला की तेवढंच म्हणायची, "पाणी मागत होता गं तो."