चढी बोली

कार्यालयातील इंग्रजी पत्रकांचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्या आठवड्यात ‘आउटबिड’ या क्रियापदाने माझा छळ मांडला होता. दुसऱ्याने सांगितलेल्या किमतीहून अधिक किंमत देऊ करून त्याला मागे टाकणे, एवढा ऐवज इंग्रजीने एका शब्दात कोंबला आहे. शिवाय त्याचे भूतकाळी रूपही तेच, म्हणजे किंमत कितीही चढली तरी शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत हरलेला माणूस या क्रियापदाचे थेट कर्म होतो. मराठीत मात्र त्याला ‘पेक्षा’ लावून बाजूला बसवावे लागते आणि मग ‘त्याच्यापेक्षा चढी बोली लावणे’ अशी वरात निघते. ‘मात करणे’ म्हणावे, तर त्यात पैसा येत नाही. 2008 साली क्रिकेटपटूंचा लिलाव याच मुंबईत झाला, तेव्हा चेन्नईने धोनीसाठी 15 लाख डॉलर मोजले होते. नुसती मात करून तो मिळाला नसता. (‘लिलाव’ तरी आपला कुठे, तोही पोर्तुगिजांचाच.)

हे सारे डोक्यात घोळवीत मी दादरच्या आमच्या चाळीतील गणपतीच्या मंडपात जाऊन बसलो. विसर्जनाच्या आदल्या रात्री तेथे बाप्पापुढच्या मोठ्या मोदकाचा लिलाव होतो. समोरच्या खोलीतील नानांनी 501 रुपये म्हटले. शब्दाचा प्रत्यक्ष प्रयोग पाहावा, अशा निव्वळ भाषिक हेतूने मी 551 म्हणालो. नाना 601, मी 651, असे करता करता माझ्या अंगात वारे संचारले आणि मी ‘एक हजार एक’ असे जवळजवळ ओरडलोच. नानांनी पानाची चंची उघडली, सावकाश सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘‘असू दे, हौस आहे त्यांची.’’

चढी बोली लावली की समोरचा उतरतो आणि आपण एकटेच वर अडकतो, हे कोणत्याही शब्दकोशाने मला सांगितले नव्हते. खजिनदारांनी ‘एक वार’ म्हणताच मला 1930 चा मालविक्री कायदा आठवला. त्याच्या 64व्या कलमानुसार हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. मी उभा राहून तसे सांगितले.

‘‘बाप्पाला कलम दाखवता?’’ खजिनदार म्हणाले, आणि ‘दोन वार’ गाळून थेट ‘तीन वार’ म्हणत त्यांनी अन्य रूढ रीतीने झांज वाजवली. बायकांच्या रांगेतून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अनुवाद मी केलेला नाही.

मोदक घरी न्यायचा नसतो, सगळ्या खोल्यांना वाटायचा असतो. माझ्या वाट्याला शेंडा आला. तेथे नुसती उकड असते. नानांना मधला, सारणाने भरलेला तुकडा मिळाला.

‘‘गूळ बेताचाच पडलाय हो,’’ बोटे चाटत नाना मला म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी बोली लावण्याआधी जरा चौकशी करत जा.’’