थकबाकी निरंक

चोपड्यात मला लोक दोन कारणांनी ओळखतात. एक, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दोन, माझ्या वरच्या खोलीत भाडेकरू टिकत नाही. यातलं दुसरं कारण खोटं आहे. भाडेकरू टिकतो, त्याला नियम समजायला जरा वेळ लागतो इतकंच. गीझर सकाळी सातपर्यंत. अंडंसुद्धा वर न्यायचं नाही. पाहुणा आला तर आधी खाली दाखवायचा, मग जिना चढवायचा. भाडेकरार मागायचा नाही, कारण कागद हातात आला की माणूस घर बळकावतो, असं मला माझ्या मामांनी सांगितलंय आणि मामांच्या घरात आजवर एकही भाडेकरू राहिलेला नाही. डिपॉझिट दहा हजार. सध्या वर राहणारा पोरगा साक्रीकडचा, पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतो. त्याचं डिपॉझिट मी बोअरच्या नव्या मोटरीत घातलं. मोटर उत्तम चालते, म्हणजे पैसे कुठे गेलेले नाहीत.

हे सगळं आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात मला सहानुभूती मिळावी अशी अपेक्षा नाही.

आमची धाकटी शिकायला बर्लिनला गेली. बर्लिन स्प्री नदीवर वसलंय, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. तिथे राहायला खोली मिळत नाही, हे एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं. व्हिसासाठी आधी ११,९०४ युरो एका खात्यात कोंडून ठेवावे लागले. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. माझ्याच मोडलेल्या एफडीचे पैसे, आणि पोरीला ते पेन्शनसारखे मिळणार! होस्टेलच्या यादीत नाव घातलं होतं, नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर ती एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती आणि आम्ही इकडे झोपत नव्हतो.

पहिला महिना खोल्या बघण्यात गेला. ती बघायला जायची आणि व्हिडिओ कॉलवर आम्हाला सोबत न्यायची. तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी घड्याळ तासभर मागे घेतलं, तेव्हा साडेदहा झाले. घड्याळ मागे घेण्याची गोष्ट मी वर्गात मोठ्या हौसेने सांगायचो. तिचा त्रास चोपड्यात बसून होईल, हे लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या घराला रांग होती. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली, दारातून बाहेर आणि पुढे फूटपाथवर. चैत्री पौर्णिमेला गडावर असते तशी, फक्त कुणी कुणाला ‘बोल अंबे’ म्हणत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात फाईल. दहा-दहा जणांना आत सोडायचे, पाच मिनिटं. आमची आत गेली, फोन फिरवला. पांढऱ्या भिंती, लाकडी जमीन, मोठी खिडकी. छताला दिवा नव्हता, वायरची दोन टोकं लोंबत होती. मग स्वयंपाकघर दाखवलं. तिथे एक नळाचं तोंड आणि भिंतीवर चार फरशा. ओटा नाही, कपाट नाही, सिंक नाही.

माझी आई, वय वर्षं ब्याऐंशी, खाटेवरून वाकून फोनकडे बघत होती. तिने विचारलं, “आनि चूल कोठे शे?”

“मोठी माय, इथे चूल ज्याची त्याने आणायची. जुना भाडेकरू जाताना सोबत घेऊन जातो.”

“आनि ह्या इतला लोके घर दखाले येल शेत?”

यावर पोरीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. बर्लिनमध्ये शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं भाड्याच्या घरात राहतात; दर घर सोडताना हे लोक ओटे उचलून नेत असतील, तर रस्त्यातून नुसतीच स्वयंपाकघरं हिंडत असली पाहिजेत.

मग तिने वाटणीतल्या घरात एक खोली मिळते का पाहिलं. तिथे आधीचे चार जण नव्या माणसाची मुलाखत घेतात. भांडी कोण घासणार, संडास कोण धुणार इथपर्यंत ठीक होतं. शेवटी विचारलं, तू प्राणी असतीस तर कुठला असतीस? पोरगी घाबरली आणि म्हैस म्हणाली. त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. मला अजून वाटतं, म्हैस हे उत्तर चांगलं होतं.

मधे एक जाहिरात मीच शोधून काढली. दोन खोल्या, बाल्कनी, स्वयंपाकघर जागेवर, भाडं निम्मं. मालक मोठा सज्जन. कामानिमित्त परदेशात असतो, आधी डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. मी बँकेत जायला चपला घातल्या होत्या. वरचा पोरगा जिन्यातच भेटला. त्याने मेसेज वाचला आणि शांतपणे म्हणाला, “नाना, असले मेसेज आमच्या पतसंस्थेच्या सभासदांना रोज येतात. फक्त तिथे किल्लीऐवजी लॉटरी असते.” मी चपला काढल्या. त्या दिवसापासून तो आमच्या बैठकीत बसायला लागला.

मग एका रात्री पोरीचा मेसेज आला. ‘वेडिंगचं जमतंय बहुतेक.’

आमच्या हिने तो वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसली. पाच मिनिटांत शिरपूरला तिच्या भावाला फोन, दहाव्या मिनिटाला पारोळ्याला बहिणीला. मुलगा कुठला, काय करतो, आपल्यातला आहे का. मी पोरीला फोन लावला तेव्हा कळलं, वेडिंग नावाचा बर्लिनमध्ये एक भाग आहे. मेट्रोने जाता येतं. हिने पुन्हा शिरपूर आणि पारोळा केलं, पण पारोळ्यापर्यंत बातमी पोहोचली की ती परत येत नाही. अजून तिकडून विचारणा होते.

तर वेडिंगमध्ये मागच्या चौकातल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली एक खोली. ती सोडून जाणाऱ्या भाडेकरू बाईने सांगितलं, माझं स्वयंपाकघर ४०० युरोला घेशील तर मालकाला तुझं नाव सुचवते. आपल्याकडे याला पगडी म्हणतात. तिकडे त्यात निदान दोन शेगड्या आणि एक सिंक येतं.

मालकाने कागद मागितले आणि खरी परीक्षा सुरू झाली.

पहिला कागद शुफाचा. ही माणसाच्या उधारीचा हिशोब ठेवणारी संस्था, १९२७ साली बर्लिनमध्येच सुरू झालेली. कोणी कुणाचं देणं बुडवलं, हे ती सांगते. पोरगी तिथे जाऊन दोन महिने झालेले, तिची नोंद कुठून असणार? नोंद व्हायला खातं हवं, व्यवहार हवा. महापालिकेत नाव घालायचं तर घर हवं, मालकाने ‘ही माझ्याकडे राहते’ असं लिहून द्यायला हवं. बाकी बऱ्याच कामांना महापालिकेचा तो कागद हवा. वरचा पोरगा हे ऐकून म्हणाला, “माझं गॅस कनेक्शनचं असंच झालं होतं, नाना. भाडेकराराशिवाय मिळालं नाही.” मी विषय बदलला.

दुसरा कागद जामीनदाराचा. जामीनदार म्हणून मी माझा पेन्शनचा दाखला दिला. शिवाय, कुणी मागितला नसताना, सातबारा जोडला. तीन एकर, पीक केळी, विहीर एक. पोरगी म्हणाली, “पप्पा, सातबारा कशाला?” म्हटलं, असू दे, जमिनीवर कर्ज नाही हे दिसलं पाहिजे. वरच्या पोराने रात्री बसून त्याचं जर्मन केलं. इतर हक्क, पोटखराबा, सगळं. पोटखराब्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते त्याने मला सांगितलं नाही, पण तो बराच वेळ एकटाच हसत होता.

आणि तिसरा कागद. त्याचं नाव एका ओळीत मावत नव्हतं. मीटशुल्डनफ्रायहाइट्सबेशाइनिगुंग. पोराने तोडून तोडून अर्थ लावला: आधीच्या घरमालकाने लिहून द्यायचं की या भाडेकरूकडे भाड्याची थकबाकी नाही.

“आधीचा घरमालक कोण?” हिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सोफा मैत्रिणीचा, त्याला भाडं नाही. त्याआधी पोरगी राहिली ती फक्त या घरात. कागदोपत्री बघायचं तर तिचा याआधीचा मालक मीच. मी चष्मा लावला आणि फुलस्केप पुढे ओढला. ‘दाखला देण्यात येतो की, कुमारी अमुक अमुक या माझे मालकीचे घरात जन्मापासून वास्तव्यास होत्या.’ इथवर सरळ आलं. पुढचं वाक्य काही केल्या उतरेना. थकबाकी नाही, असं लिहायचं म्हणजे हिशोब झाला पाहिजे. आणि हिशोब म्हटलं की मास्तरचा हात आपोआप समास आखतो. बावीस वर्षं. माळवदाची खोली दहावीपासून एकटीची. कूलर वेगळा. मार्च ते जून दिवसरात्र, कारण जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा म्हणजे मागच्या बाकावरच्या पोरालाही न शिकवता समजणारा भूगोल.

“काय लिहून राहिले एवढं?” हिने वाकून पाहिलं. “कूलरचं बिल लावताय पोरीला?”

“लावत नाही. फक्त माफ करण्याआधी किती होतं ते बघतोय.”

आई खाटेवरून म्हणाली, “पोटनी पोर काय भाडेकरी शे का रे?”

मी समास खोडला आणि लिहिलं, ‘थकबाकी निरंक’. सही केली. पण शिक्क्याशिवाय कागद हा कागद नसतो, अशी माझी तीस वर्षांची श्रद्धा. घरात शिक्का एकच होता, मी भजनी मंडळाचा खजिनदार आहे त्याचा. पॅड वाळलेलं. त्यावर दोन थेंब पाणी टाकलं, शिक्का दोन्ही हातांनी दाबला. मध्यभागी वीणा, भोवती मंडळाचं नाव, सगळं जांभळं, थोडं पसरलेलं. पोराने स्कॅन केलं, खाली जर्मन भाषांतर लावलं आणि पाठवून दिलं. पोरीने सांगितलं की मालकाने बाकी कागद एकेक नजरेखालून घातले, पण या शिक्क्यापाशी थांबला आणि मान डोलावली. काय समजला ते देवाला माहीत.

घर मिळालं.

आता चौदा पानांचा करार आला. पोरीला वाचायला वेळ नव्हता, परीक्षा होती. म्हणाली, दादालाच विचारा, तो छान अर्थ लावतो. म्हणून वरच्या पोराने रोज रात्री खाली येऊन आम्हाला तो करार वाचून दाखवला, भागवत लावावं तसा. इथेच माझी चूक झाली.

पहिल्या रात्री कळलं की भाडी दोन असतात. थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, ४३० युरो. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, कचरा वगैरे मिळून, ५५०. उष्णतेचे पैसे घेतात, हे आईला पटेना. आपल्याकडे ती फुकट येते आणि घालवायला पैसे लागतात.

दुसऱ्या रात्री शांततेचं कलम. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. “सहापर्यंत,” पोरगा पुन्हा म्हणाला. बोअरची मोटर त्याच्या खिडकीखाली आहे आणि मी ती पाचला चालू करतो.

तिसऱ्या रात्री: हीटर बंद पडला, नळाला पाणी नाही, भिंत ओली झाली, तर भाडेकरूचं भाडं तेवढ्या दिवसांपुरतं कमी होतं. हे तो न अडखळता वाचत होता. चौथ्या रात्री: घरात येताना मालकासोबत फिरून प्रत्येक ओरखडा लिहून घ्यायचा, खाली दोघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी तो वर आपल्या खोलीत भिंतींचे फोटो काढताना दिसला. त्याने मला हेही सांगितलं की २०२१ साली बर्लिनकरांनी मतदान करून, मोठ्या कंपन्यांची भाड्याची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत असा कौल दिला. तो कौल बंधनकारक नव्हता आणि घरं अजून मालकांकडेच आहेत, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

पाचव्या रात्री डिपॉझिट. थंड भाड्याच्या तिप्पट, त्याहून जास्त मागता येत नाही. म्हणजे १,२९० युरो. तेही तीन हप्त्यांत दिलं तरी चालतं. “वा! कायदा असावा तर असा,” मी मांडीवर थाप मारून म्हणालो. “पोरींना परक्या देशात आधार हवाच.”

“पुढे ऐका, नाना,” तो म्हणाला. “मालकाने हे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळायचे नाहीत. वेगळ्या खात्यात ठेवायचे. आणि व्याज भाडेकरूचं.”

मी म्हटलं, आज इथेच थांबू, डोळे दुखतात.

पोरीला किल्ली मिळाली त्या दिवशी तिने खालच्या दारावरची घंटी दाखवली. तिकडे खोलीला नंबर नसतो, घंटीवर आडनाव असतं. पंधरा-वीस आडनावं, एकाचा उच्चार करता येत नव्हता, आणि मधे आमचं, हाताने लिहून चिकटपट्टीने लावलेलं. आईने स्क्रीनवर बोट ठेवून पाहिलं, जणू दाबल्यावर वाजणार आहे. मग पोरीने वर जाऊन दोन शेगड्या दाखवल्या. तेव्हा कुठे आई म्हणाली, “आते बरं व्हयनं.”

दिवाळीनंतर वरचा पोरगा खाली आला. पुण्यात नोकरी लागली म्हणाला. हातात दोन कागद. पहिला टाईप केलेला: ‘दाखला देण्यात येतो की, श्री. अमुक अमुक हे माझे मालकीचे घरात भाडेकरू म्हणून वास्तव्यास होते व त्यांचेकडे भाड्याची थकबाकी निरंक आहे.’ माझीच भाषा, शब्दन् शब्द. शिक्क्यासाठी जागा सोडलेली.

“पुण्यात हे मागतात का?” मी विचारलं.

“नाही. पण असू द्या माझ्याजवळ.”

मी सही केली. वीणेचा शिक्काही मारला. पोराने कधी एक दिवस भाडं चुकवलं नव्हतं. मग त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, ‘डिपॉझिट ₹ १०,०००’, त्याखाली बचत खात्याचा दर, महिने, आणि एक बेरीज, नीट दोन रेघा मारलेली.

“मोटर बंद करायची राहिली वाटतं,” असं म्हणून मी उठलो.