मला कुणीही उभं केलं नव्हतं

आज सकाळी शटर अर्धं वर केलं नाही तोच एकजण आला, दहा बाय पंधराचा वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिजे, फोटो व्हॉट्सॲपला टाकतो, खाली शुभेच्छुक म्हणून बत्तीस नावं, आणि जाता जाता दारात थांबला आणि डोळा बारीक करून म्हणतो, शेठ आता तरी खरं सांगा, इलेक्शन होऊन किती दिवस झाले, तुम्हाला नक्की कुणी उभं केलं होतं?

डोकंच गेलं. गिऱ्हाईक आहे म्हणून तिथं गप्प बसलो, इथं बसणार नाही. मला कुणीही उभं केलं नव्हतं. ह्यांनी नाही, त्यांनी नाही, तिसऱ्यांनी पण नाही. २०२४ च्या विधानसभेला अपक्ष म्हणून स्वतःच्या पैशानं उभा राहिलो आणि स्वतःच्याच पैशानं पडलो. ह्यात न समजण्यासारखं काय आहे??

बावीस वर्षं झाली प्रेस टाकून. आधी स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका, मग जुनं ऑफसेट, मग कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन. तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याचा दात काढून हसणारा फोटो माझ्या मशीनमधून बाहेर पडलाय. जिंकलेला बिल देत नाही कारण तो आता साहेब झाला, हरलेला देत नाही कारण तो फोन उचलत नाही. २०१९ च्या विधानसभेची उधारी अजून वहीत आहे. आणि वीज! रोज भर दुपारी थ्री फेज जाते, फ्लेक्स मशीनवर अर्धा असतो तो फुकट, रोलचे पैसे माझे, शाईचे पैसे माझे. सहा वर्षांत ह्यावर अकरा निवेदनं दिली, त्यांची लेटरहेडं पण मीच छापली. तेव्हा कट्ट्यावरचे हेच लोक म्हणायचे, शेठ तुमच्यासारख्या माणसानं राजकारणात यायला पाहिजे. आलो ना. मग कुणी उभं केलं म्हणून विचारायला हेच पुढे.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक लागतो, म्हणजे अर्जावर सही करणारा, एक. अपक्षाला दहा. दहाही त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. मी बारा तयार ठेवले होते, त्यातल्या चौघांचे फोन अर्ज भरायच्या दिवशी सकाळी बंद. तो दिवस म्हणजे २९ ऑक्टोबर २०२४, शेवटची तारीख आणि धनत्रयोदशी, लोक सोनं घ्यायला निघालेत आणि मी सह्या गोळा करत गल्लीगल्लीत फिरतोय. शेवटी एक रिक्षावाला आणि आमच्या शेजारचा इस्त्रीवाला ह्यांनी सही केली. त्या दोघांचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. डिपॉझिट १०,०००, निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळं खातं, ते पण अर्जाच्या आधीच उघडलेलं पाहिजे, नोटरी केलेलं शपथपत्र, त्यात एक रकाना कोरा ठेवायचा नाही, जमीन नसली तर निरंक, दागिना नसला तर निरंक. पानभर निरंक लिहिताना हात दुखला. एवढं सगळं एखादा माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावरून कशाला करेल हो. (करतात, पैसे घेऊन करतात, त्यावर खाली बोलतो.)

आता खरी गंमत. निवडणुकीचं पत्रक छापायचं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे, आणि प्रकाशकानं मुद्रकाला लेखी घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्या घेऊन. कलम १२७क. मी इतकी वर्षं लोकांकडून हे लिहून घेतोय, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते ह्यात, थट्टा नाही. ह्या वेळी प्रकाशक मीच आणि मुद्रक पण मीच. म्हणजे मी मलाच घोषणापत्र दिलं की मी मला ओळखतो, आणि मी खरंच मला ओळखतो म्हणून दोन माणसांनी सह्या केल्या. वर खर्च दाखवताना पत्रक मला माझ्या प्रेसमध्ये कितीला पडलं ते कुणी विचारत नाही, निवडणूक कार्यालयाच्या रेटकार्डात जो दर आहे तो धरायचा. स्वतःच्या दुकानातून स्वतःचं पत्रक मी वहीवर जवळजवळ दुप्पट भावानं विकत घेतलं.

मग भाऊबीज. ३ नोव्हेंबर. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. तोपर्यंत रोज कुणीतरी येत होतं बसवायला, म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, उमेदवारानं माघार घेणं म्हणजे बसणं आणि त्याला घ्यायला लावणं म्हणजे बसवणं. कुणी काका म्हणून येतं, कुणी समाजाचा म्हणून, एकानं तर आकडाच विचारला, तोंडानं नाही, कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. हाकलून दिला. पण भाऊबीजेला बहिणीकडं गेलो, पाटावर बसलो, तिनं ओवाळलं, मी ताटात पाकीट टाकायला लागलो तर तिनं हात धरला आणि म्हणाली दादा पैसे नको, तेवढा अर्ज मागे घे. डोळ्यात पाणी. दाजी पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि पतसंस्था कुणाची आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. दाजी शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसलेले, टीव्हीचा आवाज बंद होता. मी काही बोललोच नाही, जेवलो पण नाही धड. अर्ज ठेवला. त्या दिवसापासून बहिणीचा फोन येतो तो फक्त आईला. आणि मला विचारतात कितीला बसणार होतास, कुठं फिसकटलं?

४ तारखेला संध्याकाळी चिन्ह मिळालं. तीन पसंती दिल्या होत्या, पहिल्या दोन दुसऱ्यांनी पण मागितल्या, चिठ्ठ्या टाकल्या, माझी गेली, तिसरी मिळाली. इस्त्री. प्रेसवाल्याला प्रेस, म्हणून ऑफिसमध्ये सगळे हसले, मी पण हसलो तेव्हा. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी बंद. म्हणजे पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोक्यात चाळीस वर्षांपासून आणि माझी इस्त्री तीन लाखांवर मतदारांपर्यंत पोचवायला चौदा दिवस, हातात एक मारुती व्हॅन. मतदार यादीची प्रत मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फुकट, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला फुकट, आणि मला विकत. साडेतीनशेच्या आसपास बूथ, माझे पोलिंग एजंट चौदा, त्यातले दोन दुपारी जेवायला गेले ते आलेच नाहीत. आणि मशीनवर नावं लावायची पद्धत अशी की आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसती नोंदणी असलेले पक्ष, सगळ्यात खाली अपक्ष. एका युनिटवर नोटा धरून सोळाच बटणं, माझा नंबर एकोणीस, म्हणजे दुसऱ्या युनिटवर. आमची स्वतःची चुलती मतदान करून आली आणि म्हणते बाळा तुझी इस्त्री दिसलीच नाही रे, मी पहिल्या मशीनवर दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली. मग कुणाला दिलं विचारलं तर लाजून हसली.

खर्चाच्या वहीचं तर बोलूच नका. पांढरी पानं, गुलाबी पानं, पिवळी पानं, रोजचा खर्च वेगळा, रोकड वेगळी, बँक वेगळी, आणि प्रचाराच्या काळात तीनदा तपासणीला हजर व्हायचं. माझ्या वहीत वडापाव २२ नग असं लिहिलंय, ते पण तपासलं, पावती मागितली. गाडीवाला पावती देतो का वडापावची? द्यायला लावली त्याला, माझ्याच पावतीपुस्तकावर. त्याच दिवशी पलीकडच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. स्टार प्रचारकाच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, कायदाच आहे तसा. उमेदवाराला मर्यादा ४० लाख, पक्षाला मर्यादाच नाही. आकाशातून उतरणारा हिशोबात नाही आणि माझे २२ वडापाव हिशोबात आहेत. मी ४० लाख एकत्र फक्त कर्जाच्या जाहिरातीत बघितलेत.

निकाल २३ नोव्हेंबर. मला १,१४३. नोटाला माझ्यापेक्षा जास्त. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात, आमच्याकडे ते ३६ हजारांच्या वर जात होतं, तेव्हा तो विषयच नाही. मतं कमी पडली ह्याचा राग नाही, खरंच नाही. राज्यात २,०८६ अपक्ष उभे होते आणि आले दोन, जुन्नरला शरद सोनवणे आणि चंदगडला शिवाजी पाटील, दोघंही राजकारणात मुरलेले. मला माझी लायकी माहीत होती. पण आमच्या गल्लीत ६३ जणांनी माझा हात हातात घेऊन तुम्हालाच शेठ म्हणून सांगितलं होतं आणि आमच्या बूथवर मला मतं ४१. त्यात घरची सहा. हे मात्र लागलं.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून हरलेल्यांची माणसं म्हणायला लागली की ह्यानं मतं खाल्ली, ह्याला समोरच्यांनी उभं केलं होतं. अरे तुमचे साहेब पडले १८ हजारांनी! १,१४३ मध्ये १८ हजार कसे बसवायचे ते मला कागदावर मांडून दाखवा. जिंकलेल्यांची माणसं उलटं सांगतात, आमचं लीड कमी करायला हरलेल्यांनी उभा केलेला. म्हणजे दोन्हीकडून मी विकलेलाच, फक्त गिऱ्हाईक कोण त्यावर वाद.

लोकांचं पण अगदीच चुकतंय असं नाही म्हणा. नावात साम्य बघून, चिन्हात साम्य बघून माणसं उभी करतातच. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत भास्कर भगरेंच्या विरोधात अपक्ष बाबू भगरे, ह्यांचं तुतारी वाजवणारा माणूस आणि त्यांचं नुसतं तुतारी, आणि त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं. भास्कर भगरे तरीही निवडून आले ते सोडा. पण असं काही झालं की माझ्यासारखा पुढच्या वेळी अर्ज घेऊन गेला की शिपाईसुद्धा आधी मागं कोण आहे ते बघतो. ज्यांनी हा धंदा केला त्यांना कुणी काही विचारत नाही, ते आमदार-खासदारांच्या गाडीत मागं बसून फिरतात. विचारतात मला.

खर्चाचा हिशोब तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. मी अठराव्या दिवशी दिला. एकूण ३,८७,४६० रुपये, त्यातले दोन लाख मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी ठेवलेले आणि बाकीचे कुठले ते बायकोला विचारा, नको, विचारूच नका. ते सर्व्हिसिंग अजून राहिलंय, हेड चोकअप होतंय, निळा रंग पट्टे मारतो.

आणि ह्या सकाळच्या भल्या माणसाचा फ्लेक्स पण निळाच आहे. बत्तीस शुभेच्छुकांपैकी सोळा नावांची उधारी माझ्या वहीत आहे, मोजली आत्ता. लावलाय मशीनवर. आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या रिंगा, मारून देणार नाही, ॲडव्हान्स आल्याशिवाय रोल कापणार पण नाही, आणि संध्याकाळी न्यायला आल्यावर परत तेच विचारलं तर सांगणार आहे, हो बाबा, उभं केलं होतं, रोज दुपारी ती थ्री फेज जाते ना, तिनं.