तळल्याने बुरशी मरते, विष नाही

‘उच्च तापमानाला तळल्यामुळे मक्याच्या चिप्समध्ये बुरशीचा धोका उरत नाही’ हे चिप्सच्या कारखान्यावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. बुरशी मरते हो, पण तिनं दाण्यात आधीच सोडलेल्या विषाचं काय? तळणीचं तेल साधारण १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बुरशीचं हे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, मोडायला २३० अंशांच्याही वर जावं लागतं. तळून थोडंफार कमी होतं, पूर्ण जात नाही. आणि यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध केव्हाच सिद्ध झालाय.

मी धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. भरडलेला मका अतिनील दिव्याखाली धरला की एखाददुसरा कण हिरवट-पिवळा चमकतो, बाकी ढीग स्वच्छ. (ती चमक नुसता इशारा, खरं मोजमाप वेगळ्या चाचणीनं.) विष असं मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे पोत्याच्या तोंडाशी मूठभर नमुना घेऊन ‘पास’ म्हणणं निव्वळ जुगार. लेखात कारखान्यातल्या स्वच्छतेवर भरभरून लिहिलंय, पण मका गोदामात भरताना त्यात ओल किती होती, याबद्दल अवाक्षर नाही. ती १४ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी गोदामातच वाढते; मग पुढे कितीही चकचकीत यंत्रं लावा, काय उपयोग?