कॅप दरावर आहे, बिलावर नाही

ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने घरगुती वीज आणि गॅसच्या बिलाला वर्षाला १,७५५ पौंडांची मर्यादा घातली आहे, त्यावर एक पेनीही कंपनी मागू शकत नाही. युक्रेनचं युद्ध हे निमित्त, कारण ब्रिटन रशियाचा गॅस घेतच नव्हता. बिलं वाढली ती पवनचक्क्यांच्या अनुदानामुळे आणि कंपन्यांच्या लुटीमुळे. आणि शेवटी सल्ला: डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप बिल भरणं) बंद करा, म्हणजे येतील वठणीवर.

आमच्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने तो सल्ला मानला. दोघंही सांगलीकडची, इथे येऊन वर्षही झालेलं नाही, घरात तान्हं बाळ. थकबाकीचं पत्र हातात घेऊन ती दोघं माझ्याकडे आली, तेव्हा ठरवलं की या मजकुराला नीट उत्तर द्यायचं.

आधी ती १,७५५ची गोष्ट. ऑफजेम ही इथली नियामक संस्था. २०१८च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०१९पासून ती दरांवर मर्यादा, म्हणजे ‘कॅप’, घालते: एका युनिटला (किलोवॅट-तासाला) जास्तीत जास्त किती आणि रोजचा स्टँडिंग चार्ज जास्तीत जास्त किती. एवढंच. ज्यांनी महावितरणचं बिल पाहिलंय त्यांना हे सहज कळेल. वीज नियामक आयोग युनिटचा दर आणि स्थिर आकार ठरवून देतो, तुमचं बिल ठरवून देत नाही. तीच पद्धत इथे आहे. मग १,७५५ आले कुठून? वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणारं, डायरेक्ट डेबिटने पैसे भरणारं एक नमुन्याचं घर धरलं, तर त्याचं वर्षाचं बिल तेवढं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५साठी विजेचा सरासरी दर २६.३५ पेनी आणि गॅसचा ६.२९ पेनी होता. स्टँडिंग चार्ज विजेचा रोज ५३.६८ आणि गॅसचा ३४.०३ पेनी. प्रदेशानुसार थोडा फरक पडतो.

आता आपल्यातलं नेहमीचं घर घ्या. गावाहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, लहान मूल आहे, दिवसभर हीटिंग चालू. ३,५०० युनिट वीज आणि १८,००० युनिट गॅस धरला, तर याच दरांनी वर्षाला सुमारे २,३७० पौंड होतात, आणि त्यात बेकायदा काहीही नाही. उलट एकट्या माणसाच्या छोट्या फ्लॅटमध्ये १,८०० युनिट वीज आणि ७,५०० युनिट गॅस लागला, तर बिल साधारण १,२६५ येईल. तो माणूस १,७५५ भरत असेल, तर त्याने मात्र जरूर चौकशी करावी.

हा गोंधळ एकट्या व्हॉट्सॲपने घातलेला नाही. सप्टेंबर २०२२च्या अखेरीस खुद्द पंतप्रधान लिझ ट्रस यांनी बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर बोलताना २,५०० पौंड हीच बिलाची कमाल असल्यासारखं सांगितलं होतं. तो आकडाही नमुन्याच्या घराचाच होता. त्या हिवाळ्यात किती घरांनी त्या भरवशावर हीटिंग चालू ठेवलं असेल, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

दुसरा मुद्दा रशियाचा. यातलं अर्ध वाक्य खरं आहे. २०२१मध्ये ब्रिटनच्या गॅसपैकी पाच टक्क्यांहूनही कमी गॅस रशियातून येत होता. साधारण निम्मा स्वतःच्या उत्तर समुद्रातला, उरलेला मुख्यतः नॉर्वेचा आणि जहाजांनी येणारा द्रवरूप गॅस. पण भाव कुठे ठरतो ते पाहा. निफाडच्या शेतकऱ्याचा कांदा तुमच्या बांधाला लागून पिकलेला असला, तरी लासलगावात भाव चढला की तो तुम्हाला जुन्या भावाने देत नाही. ब्रिटनचा गॅसबाजार बेल्जियम आणि नेदरलँड्सशी नळांनी जोडलेला आहे. रशियाने युरोपचा पुरवठा आखडला, तशी जर्मनीपासून इटलीपर्यंत सगळे उरलेल्या गॅसवर बोली लावू लागले आणि तोच भाव इथे लागू झाला. उत्तर समुद्रातला गॅसही खाजगी कंपन्या काढतात आणि त्याच भावाने विकतात. त्यात ब्रिटनने आपला सर्वांत मोठा गॅससाठा, यॉर्कशरच्या किनाऱ्याजवळचा ‘रफ’, २०१७मध्ये बंद केला होता. तो अंशतः परत सुरू झाला ऑक्टोबर २०२२मध्ये, भाव भडकल्यानंतर.

मजकुराचा सगळा भर पवनचक्क्यांवर आहे, म्हणून इथे जरा थांबते. ऑक्टोबर २०२१मध्ये कॅपनुसार गॅसचा दर युनिटला सुमारे ४ पेनी होता. जानेवारी २०२३मध्ये तो १७ पेनींवर गेला. तुमच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या गॅसचा पवनचक्कीशी काय संबंध? तरीही तो चौपट झाला. त्याच काळात वीज २१वरून ६७ पेनींवर गेली, म्हणजे तिपटीहून थोडी अधिक. नमुन्याच्या घराचा आकडा १,२७७वरून ४,२७९ पौंडांवर पोचला. सरकारने मध्ये पडून २,५००च्या पातळीला दर रोखले नसते, तर लोकांनी हे प्रत्यक्ष भरलं असतं.

मग गॅस महागल्यावर वीज का महागली? कारण घाऊक बाजारात दर अर्ध्या तासाला मागणी भागवायला जे सर्वांत महागडं वीजकेंद्र चालवावं लागतं, त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. ब्रिटनमध्ये ते शेवटचं केंद्र बहुतेक वेळा गॅसचं असतं. वारा आज देशाची साधारण ३० टक्के वीज देतो, पण भाव ठरवायला गॅसच उभा असतो. नव्या पवनप्रकल्पांशी जे ठरावीक भावाचे करार आहेत, त्यांत बाजारभाव वर गेला तर वरचे पैसे परत द्यावे लागतात, आणि संकटाच्या काळात ते परत आलेही.

तरी या मजकुरातलं जे खरं आहे ते नाकारणार नाही. जुन्या हरित योजनांचा भार विजेच्या बिलावर आहे, आणि तो इतकी वर्षं गॅसपेक्षा विजेवर जास्त टाकला हे चुकलंच. स्कॉटलंडमध्ये वारा भरपूर असतो, पण ती वीज दक्षिणेकडे न्यायला तारा अपुऱ्या आहेत, म्हणून पवनचक्क्या थांबवायचे पैसे द्यावे लागतात. ऑक्टोबर २०२५ची दोन टक्के वाढ तर घाऊक भाव उतरत असताना झाली. तिच्यामागे ग्रिडचा समतोल राखण्याचा खर्च होता आणि ‘वॉर्म होम डिस्काउंट’चा विस्तारही. ती १५० पौंडांची सवलत आता उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेणाऱ्या अधिक कुटुंबांना मिळते. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात जुन्या योजनांचा मोठा हिस्सा तीन वर्षांसाठी सरकारी तिजोरीवर घ्यायचं ठरलं. म्हणजे हा भार खरा आहे, पण २०२२च्या भाववाढीचं कारण तो नव्हता.

कंपन्यांच्या लुटीबद्दल थोडकंच. बिल पाठवणाऱ्या कंपनीला कॅपमध्ये नफ्यासाठी दोन-अडीच टक्के धरलेले असतात. २०२१च्या उन्हाळ्यानंतर अशा तीसेक कंपन्या बुडाल्या, कारण त्यांनी स्वस्तात वीज-गॅस विकायचं कबूल केलं होतं आणि आगाऊ खरेदी केली नव्हती. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे वळवण्याचा खर्च सुमारे २.७ अब्ज पौंड, घरटी ९४. तो तुमच्याआमच्या बिलातूनच वसूल झाला. संताप व्हावा अशी जागा ही आहे. भरमसाट कमाई केली ती गॅस काढणाऱ्यांनी, आणि म्हणूनच मे २०२२मध्ये त्यांच्यावर जादा कर बसला.

राहिलं डायरेक्ट डेबिट. ते बंद केलं की कॅपमधलाच वरचा दर लागतो, कारण बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांसाठी मर्यादा वेगळी आणि जास्त आहे. थकबाकी वाढली की तुमच्या क्रेडिट रेकॉर्डमध्ये खराब नोंद होते, आणि पुढे प्रीपेड मीटर बसण्याची वेळ येऊ शकते. नुकत्याच आलेल्या माणसाला तर घर भाड्याने घेतानाही ती नोंद आडवी येते. पैसे भरणं खरंच जड जात असेल, तर कंपनीला फोन करा. तुमच्या ऐपतीनुसार हप्ते बांधून देणं हे ऑफजेमच्या नियमांनी तिच्यावर बंधनकारक आहे. फोनवर बोलायचा धीर होत नसेल, तर ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या सल्ला देणाऱ्या संस्थेत फुकट मदत मिळते.

त्या जोडप्यासोबत बसून आम्ही तेच केलं. मीटरचा फोटो काढला, आकडा कळवला, तेव्हा दिसलं की कंपनीने आधीची दोन बिलं अंदाजाने काढली होती. ती दुरुस्त झाली, उरलेली रक्कम हप्त्यांत बसवली, डायरेक्ट डेबिट परत सुरू झालं. तो मजकूर त्यांना ज्या ग्रुपवर मिळाला होता, त्याच ग्रुपवर त्यांनी काल स्वतःच्या बिलाचा फोटो टाकलाय, युनिटच्या दराखाली लाल रेघ मारून.